धर्म हाती आला, पण मन रितेच राहिले : मायदेशी परतलेल्या पंडिता रमाबाई

१ फेब्रुवारी १८८९. जपान आणि हाँगकाँगमार्गे आलेल्या आगबोटीतून तीस वर्षांची एक विधवा मुंबईच्या धक्क्यावर उतरली. जवळपास सहा वर्षांपूर्वी हीच स्त्री इथून इंग्लंडला गेली तेव्हा ती हिंदू होती, सरस्वती या पदवीने गौरवलेली होती आणि पुण्याच्या सुधारक मंडळींना तिचा अभिमान होता. परतताना ती ख्रिस्ती होती. तिच्या पाठीशी अमेरिकेतील एका संस्थेचे दहा वर्षांसाठीचे आर्थिक वचन होते, मनात विधवांच्या शाळेची योजना होती. आणखीही एक गोष्ट तिच्यासोबत आली होती, ती मात्र कुणाला दिसणारी नव्हती. ज्या धर्मात तिने प्रवेश केला होता, त्या धर्माने तिला अजून शांती दिली नव्हती.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात १८८३ चा बाप्तिस्मा ठळक अक्षरांत येतो. त्यांच्या स्वतःच्या लेखी मात्र खरे वळण त्यानंतर आठेक वर्षांनी आले. तेही इंग्लंडात नव्हे, मायदेशी परतल्यावर, ऐन वादळाच्या तोंडाशी. हा धागा त्या दुसऱ्या, कमी चर्चिल्या जाणाऱ्या वळणाविषयी आहे.

‘मायदेशी’, ‘घरी’ हे शब्द रमाबाईंच्या बाबतीत जरा जपूनच वापरावे लागतात. त्यांना घर असे नव्हतेच. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून धर्मरक्षकांचा रोष ओढवून घेतलेले. पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम उभारला आणि तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्याचे आदरातिथ्य करता करता पैसा संपला आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई तेव्हा अवघ्या सहा महिन्यांच्या. वेताच्या पेटीत घालून, एका मजुराच्या डोक्यावरून त्यांचा पहिला प्रवास झाला. पुढची पंधरा-सोळा वर्षे हे कुटुंब पुराणे सांगत देशभर पायी फिरत राहिले. पुराणे वाचण्यासाठी होती, अर्थ सांगण्यासाठी नव्हती. पुराणिकाने संस्कृत म्हणावे, श्रोत्यांनी पुण्य जोडावे आणि जमेल ती दक्षिणा ठेवावी, असा तो व्यवहार होता.

मग दक्षिणेतला दुष्काळ आला. जवळचे सगळे दानधर्मात आणि देवाला वाहण्यात गेलेले. अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज. अखेरीस हे लोक एका अरण्यात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढल्या, असे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. आईच्या वेळी खांदेकरी मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासचा, चौथा रमाबाईंचा. उंची कमी पडत असल्याने त्यांना तिरडीचे टोक डोक्यावर घ्यावे लागले. स्मशान तीन मैलांवर होते. हा प्रसंग येथे मुद्दाम नोंदवला आहे. १८९७ मध्ये रमाबाई जे करतात, ते या मुलीला विसरून समजत नाही.

देवधर्माचे जेवढे म्हणून शास्त्रात सांगितले होते, तेवढे या कुटुंबाने केले होते. उपास, व्रते, जप, नद्यांची स्नाने, सारे काही. फळ काय मिळाले, हा प्रश्न भाऊ-बहिणींच्या मनात तेव्हाच रुजला. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना दिल्या. कीर्ती लाभली, पण श्रद्धा तोवर विरली होती. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीची वेस ओलांडून नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले. आयझॅक अॅलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन त्यांना बायबलातील उत्पत्तीची कथा समजावून सांगू लागले. नवऱ्याला हे रुचले नाही. पुढे काय झाले असते कोण जाणे, पण फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, पदरी दहा महिन्यांची मनोरमा.

पुण्यातले पुढचे वर्ष धामधुमीचे होते. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष, सारे १८८२ मधलेच. त्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांतून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यायचे हा हेतू होता. ऐकू कमी येत असल्याने ते दार बंद झाले.

वाँटेज या गावी सेंट मेरीच्या मठात त्यांचा मुक्काम होता. तेथील भगिनींनी चालवलेले, ‘पतित’ ठरवल्या गेलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी लंडनजवळच्या फुलहॅमला पाहिले आणि त्या चकित झाल्या. हिंदू शास्त्रांत अशा स्त्रीला दया दाखवलेली त्यांनी वाचली नव्हती. या भगिनींना हे करावेसे का वाटते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली परजातीची बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने वाँटेजमध्ये आत्महत्या केली होती. परक्या देशात दोघी मराठी बायका होत्या, त्यातली एकच उरली. बाप्तिस्म्याच्या निर्णयामागे या एकटेपणाचा वाटा किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

महाराष्ट्रात गहजब झाला. वर्तमानपत्रांनी विश्वासघाताची भाषा केली. रमाबाईंच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेले मोठे नाव एकच : जोतीराव फुले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’मधून या धर्मांतराची पाठराखण केली. शास्त्रे वाचल्यावर एखाद्या विदुषीने तो धर्म सोडला, तर दोष तिचा की शास्त्रांचा, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

टीकाकार आणि समर्थक दोघांनीही गृहीत धरले होते की रमाबाई आता ‘पक्क्या’ ख्रिस्ती झाल्या. वाँटेजच्या भगिनींना मात्र तसे अजिबात वाटत नव्हते. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय स्त्रीने लिहिलेल्या इतक्या स्वच्छ, निर्भय वादाचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. इंग्लंडच्या चर्चचे सगळे म्हणणे मान्य करायला त्या तयार होईनात. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. मांसाहाराला त्या शिवल्या नाहीत. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. भारतीय भटभिक्षुकांचे जू महत्प्रयासाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जू घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना निघताच भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी असाच झगडा केला.

त्यात भर म्हणजे इंग्लंडातल्या पंथांची गर्दी. अमुक चर्च, तमुक चॅपेल, प्रत्येकाचे निराळे मत आणि प्रत्येकाचा आपणच खरे असल्याचा दावा. सगळी दर्शने आणि संप्रदाय पाहून आलेल्या रमाबाईंना हा गलबला ओळखीचा वाटला असल्यास नवल नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. बेत थोड्या दिवसांचा होता, मुक्काम जवळजवळ तीन वर्षांचा झाला. १८८७ मध्ये ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक निघाले, त्याच वर्षाअखेर बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या संस्थेत निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते. त्यांनी दहा वर्षे मदत देऊ केली ती एका अटीवर : शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. उच्चवर्णीय विधवांना त्यांचे आचार पाळू द्यायचे, कुणाला बाटवायचे नाही. पुढच्या सगळ्या संघर्षाचे बीज या अटीत आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. सुरुवातीच्या दोन विद्यार्थिनींपैकी एक होत्या बालविधवा गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. विवाहाची तारीखही ११ मार्चच, साल १८९३. सदनाच्या सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, न्यायमूर्ती तेलंग अशी माणसे होती. सहा वर्षांपूर्वी तोंड फिरवलेल्या समाजाने जणू पुन्हा दार उघडले होते. डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्यात स्त्री प्रतिनिधींमध्ये रमाबाई होत्या. अमेरिकेवरचे मराठी प्रवासवर्णन त्याच सुमारास प्रसिद्ध झाले. खर्च आवाक्यात राहावा म्हणून नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्याला हलले. वरवर पाहता सगळे स्थिरस्थावर होत होते.

आणि नेमक्या याच काळात त्या आतून अस्वस्थ होत्या. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनपर इंग्रजी पुस्तिकेत त्यांनी या अस्वस्थतेचा लेखाजोखा मांडला आहे. बाप्तिस्मा घेतला, मते मान्य केली, उपासनेला बसले, सेवाकार्य हाती घेतले, म्हणजे आपण ख्रिस्ती झालो अशी आपली समजूत होती, असे त्या सांगतात. बुद्धीला धर्म पटला होता, ओझे मात्र जसेच्या तसे राहिले होते. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त मिळाला नव्हता, असा या कथनाचा गाभा आहे.

या कोंडीतून वाट दाखवली ती एका जुन्या पुस्तकाने. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचे ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे आत्मचरित्र. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्ढू या खाणकामगारांच्या वस्तीत धर्मगुरू होते. चर्च बांधणे, उपासनाविधी काटेकोर पाळणे, हेच सर्वस्व मानणारे. १८५१ मध्ये एका रविवारी ते प्रवचन देत होते आणि बोलता बोलता स्वतःच्याच शब्दांनी त्यांना गाठले. आपण ज्याच्याविषयी बोलतो त्याच्यावर आपला भरवसाच नाही, हे त्यांना उमगले. श्रोत्यांतला एकजण उभा राहून ओरडला की पाद्रीसाहेबांचेच परिवर्तन झाले. म्हणजे पुरोहितच आपल्या गादीवर बसून बाटला, आणि तोही स्वतःच्याच धर्मात!

पुराणिकाच्या घरात वाढलेल्या रमाबाईंना ही कथा का भिडली असेल, याचा अंदाज बांधता येतो. ग्रंथ वाचायचा, अर्थ दूर ठेवायचा, विधी पार पाडायचा आणि फळ मिळेल असे मानायचे, हे त्यांनी बालपणभर केले होते. इंग्लंडात ग्रंथ बदलला होता, रीत तीच राहिली होती. हॅस्लमच्या आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. १८९१ च्या सुमाराची ही गोष्ट. त्यानंतर त्यांनी इतर पुस्तके काहीशी बाजूला सारून बायबलाचे नित्य वाचन धरले. क्षमा कमवावी लागत नाही, ती मिळालेली आहे, आपल्याला फक्त ती घ्यायची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्रतवैकल्यांची गणिते करीत भुकेने मेलेल्या आईबापांच्या मुलीला या एका वाक्याने काय दिले असेल, ते सांगायला नको. यात दिव्य दर्शन नाही, आकाशवाणी नाही. आहे ती एका थकलेल्या बाईला मिळालेली विश्रांती.

विश्रांती मिळाली ती मनाला. बाहेरचे जग मात्र आता पेटणार होते.

वाद पेटला तो एका उघड्या दारावरून. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार लावून घेत नसत. सदनातल्या मुली हिंदू आचार पाळत होत्या, त्यांचा स्वयंपाक वेगळा होता, कुंकू-पूजाअर्चेला आडकाठी नव्हती. पण काही मुली येऊन त्या दारापाशी, मग दाराच्या आत बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की त्यांनी कुणाला बोलावले नाही आणि त्या कुणाला हाकलणारही नाहीत. घरातल्या आईने देवापुढे बसताना मुलांच्या तोंडावर दार आपटायचे असते काय? सल्लागारांचे म्हणणे असे की पालकांनी विश्वासाने सोपवलेल्या अल्पवयीन मुलींच्या बाबतीत उघडे दार हेही एक आमंत्रणच असते.

‘केसरी’ने हे प्रकरण लावून धरले. टिळकांचा स्त्रीशिक्षणाच्या या साच्यालाच विरोध होता. त्यांना आयते कोलीत मिळाले. पण ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सदनाशी संबंध तोडले, तो घाव अधिक खोल होता. सनातन्यांचा विरोध रमाबाईंना सवयीचा होता. या दोघांनी मात्र त्यांना हात दिला होता. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. त्यांतल्या कितीतरी विधवा होत्या. त्या कुठे गेल्या असतील? ज्या माजघरांतून निसटून आल्या होत्या, तिथेच.

येथे जरा थांबून निवाडा करायला हरकत नाही. कागदावरचा करार रमाबाईंनी मोडला नाही. कराराच्या भावनेशी त्या प्रामाणिक राहिल्या का, हा प्रश्न मात्र तितक्या सहज निकालात निघत नाही. १८८९ मध्ये धर्मनिरपेक्ष शाळेचे वचन देणारी स्त्री स्वतः संशयात होती. तिच्यापाशी वाटून देण्यासारखे काही नव्हते, म्हणून न वाटण्याचे वचन देणे सोपे होते. १८९१ नंतरच्या स्त्रीला आपल्याला ठेव सापडली आहे असे वाटत होते. दार उघडे ठेवणे ही तिच्यासाठी गरज झाली होती. रानड्यांनी ज्या बाईवर विश्वास टाकला ती आणि ज्या बाईपासून ते दूर झाले ती, या दोघींमध्ये हॅस्लमचे पुस्तक उभे होते. हे रानड्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोन्ही बाजूंना आपली फसवणूक झाल्याचे वाटले आणि आपापल्या जागेवरून दोघांचेही चुकले नव्हते. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांनी, ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात रमाबाईंची आठवण जिव्हाळ्याने काढली आहे. त्या हिंदूच राहिल्या. सदनात सरसकट बाटवाबाटवी चालत होती असे म्हणणाऱ्यांनी ही साक्ष बाजूला ठेवू नये. त्याचबरोबर सदनातल्या काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हेही तितकेच खरे.

१८९३ नंतर रमाबाई पुण्याच्या सुधारकी वर्तुळाबाहेर फेकल्या गेल्या. नव्या श्रद्धेने त्यांना दिलासा दिला आणि त्याची किंमतही पुरेपूर वसूल केली. आता त्यांचे वाचन बदलले होते. ब्रिस्टलला हजारो अनाथ मुले सांभाळणारे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये गेलेले हडसन टेलर यांची चरित्रे त्या वाचत होत्या. कुणापुढे हात न पसरता, केवळ देवावर भार टाकून संस्था चालवणारी ही माणसे. हे भारतात शक्य आहे का, असा प्रश्न त्यांना पडला. प्रश्न अगदीच भाबडा नव्हता, कारण अमेरिकन मदतीची दहा वर्षे १८९८ मध्ये संपणार होती. पुण्याच्या पूर्वेला, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली, विहीर खणली, फळझाडे लावली. फळांच्या उत्पन्नावर सदन चालेल असा हिशेब होता. देवावर भरवसा आणि संत्र्या-आंब्यांची लागवड, दोन्ही एकाच वेळी! रमाबाईंचा स्वभाव समजून घ्यायला एवढे पुरे.

याच काळात लोणावळ्याला ख्रिस्ती मेळावे भरत. अशाच एका मेळाव्याला त्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. पहाटे रानात जाऊन त्यांनी प्रार्थना केली की या पंधरांचे पंधरा पट होऊ देत. म्हणजे दोनशे पंचवीस. सदनात त्यावेळी इतक्या जणींना निजायलाही जागा नव्हती.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंना त्यांची वीस-बावीस वर्षांपूर्वीची अकरा दिवसांची रानातली भूक आठवली. दुष्काळाच्या अनुभवांवर त्यांनी १८९७ मध्ये जे लिहिले, त्यात सरकारी मदतकेंद्रांचे वर्णन आणि स्वतःच्या आईबापांचे मरण शेजारी शेजारी येते. त्या तिकडे गेल्या तेव्हा आपण काय पाहणार हे त्यांना कळत होते. मदतकेंद्रांच्या आसपास तरुण मुलींना फसवून नेणारे दलाल फिरत होते. दुष्काळाने मारले नाही तर हे मारणार होते. पहिल्या खेपेला काही डझन मुली आल्या, काही महिन्यांत आकडा तीनशेच्या आसपास गेला. दोनशे पंचवीसचा हिशेब मागे पडला.

त्याच वेळी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. एवढ्या हाडांच्या सापळ्यांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मज्जाव केला. रमाबाईंनी त्यांना केडगावला नेले. तेथे इमारती नव्हत्या. तंबू, पाल, गवताची छपरे यांत बिऱ्हाड थाटले गेले. त्या मुलींत सगळ्या जातींच्या होत्या. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते, त्याला जातीचे कुंपण होते. केडगावला ते कुंपण आपोआप पडले. भुकेल्या मुलीची जात विचारून तिला भाकरी द्यायची, हे रमाबाईंना आता शक्य नव्हते. धर्मशिक्षण न देण्याची अटही येथे नव्हती. म्हणूनच भुकेचा फायदा घेऊन ख्रिस्ती केले, हा आक्षेप मुक्ती मिशनवर आला. तो नुसता झटकून टाकण्याजोगा नाही. अन्न देणाऱ्या हातापुढे ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ पातळ होतो. पण त्या मुलींना नेण्यासाठी त्यावेळी रांगेत दुसरे कोण उभे होते, हाही प्रश्न आक्षेप घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

मुक्तीमध्ये विणकाम, शेती, शिवण, छापखाना, सगळे मुलींच्या हातांनी चाले. अंध मुलींसाठी शिक्षणाची सोय झाली. समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले. फुलहॅमला पाहिलेले ते घर पंधरा वर्षांनी मराठी मातीत उभे राहिले. कोणत्याही एका पंथाच्या चर्चला रमाबाईंनी मुक्ती मिशन जोडले नाही. वाँटेजचे जू नाकारणारी बाई तीच होती. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची प्रचंड लाट उसळली. मुली तासन्‌तास रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करीत. जगभरच्या ख्रिस्ती नियतकालिकांनी त्याची दखल घेतली. पुण्याचे सुशिक्षित ते वाचून अधिकच दुरावले.

शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत रमाबाईंनी स्वतःला एका कामात गाडून घेतले. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती. मुक्तीतल्या कुणबी, महार, भिल्ल मुलींना ती कळत नसे. संस्कृतच्या पांडित्यावर कलकत्ता जिंकलेल्या या स्त्रीने ठरवले की आपण साध्या मराठीत नवे भाषांतर करायचे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अर्थ न सांगता ग्रंथ वाचायचा नाही, ही खूणगाठ कुठे बांधली गेली होती, ते वर आलेच आहे.

खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सारे मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. पहाटेच्या प्रार्थनेत जिच्या शेजारी बसण्यावरून पुणे पेटले होते, ती मुलगी आईआधी गेली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचे निधन झाले. संपूर्ण मराठी बायबल छापून बाहेर आले ते १९२४ मध्ये.